टाळूचं ऑपरेशन झालं, पण जीभ जुन्या वाटेनंच जाते: घरच्यांनी या चुका टाळा

"ऑपरेशन झालंय न्हवं, मग अजून नाकातनंच का बोलतंय पोरगं?" कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहणारे असोत की गडहिंग्लजहून आलेले, दुभंगलेल्या टाळूच्या (म्हणजे तोंडाच्या आतलं छत जन्मतःच फाटलेल्या) मुलाच्या घरी हा प्रश्न ठरलेला. टाळू शिवली की बोलणं आपोआप सुटेल असं धरून चालणं, ही पहिली चूक.

प, ब, त, ट, क म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. त्या वेळी मागची मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करते. तिथं फट असली की हवा नाकातून निसटते. बाळ मात्र हार मानत नाही. हवा निसटते त्या जागेच्या आधीच, म्हणजे घशातच, ती अडवायला ते शिकतं. जीभ मागं ओढली जाते, किंवा तिचा मधला भाग वर उठून टाळूला टेकतो. मग त आणि क एकसारखेच ऐकू येतात. टाळू साधारण 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान शिवतात. तोवर बडबड सुरू झालेली असते आणि सवय बसलेली असते. राजारामपुरीतला रस्ता खुला झाला तरी सवयीनं रिक्षा गल्लीबोळातूनच जावी, तसं होतं.

"जीभ जड हाय, वेखंड उगाळून लावा"

आजीची माया खरी, उपाय चुकीचा. जिभेत ताकद भरपूर असते, ती फक्त चुकीच्या जागी जाते. म्हणून जिभेखालचा पडदा कापून घेणं, जीभ वर-खाली करण्याचे व्यायाम, फुगे, शिट्ट्या, स्ट्रॉनं फुंकणं यांतलं काहीही बोलणं सुधारत नाही. फुंकताना आणि बोलताना टाळू वेगवेगळ्या पद्धतीनं काम करते. तासन्‌तास फुगे फुगवणारं मूल 'पाणी' म्हणताना पुन्हा घशावरच जातं. फुगे वाढदिवसाला ठेवा. (ग्रहणात आईनं काही चिरलं म्हणून असं झालं, हे बोलणंही आता थांबवा. त्या आईला आधीच पुरेसं झालेलं असतं.)

ओठ बघून फसणं

ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. मूल 'पापा' म्हणताना ओठ नीट मिटतात, घरचे खूश होतात. डोळे मिटून ऐका. ओठ मिटले तरी आवाज घशातल्या झटक्याचा असू शकतो, कारण दोन्हीकडे एकाच वेळी हवा अडवली जाते. हनुवटीखाली सोनोग्राफीचा प्रोब लावून पाहिलं, तर जीभही कधी कधी अशीच दुहेरी काम करताना दिसते.

घरी एक गोष्ट करून बघा. मुलाचं नाक हलकेच चिमटीत धरा आणि 'बाबा' म्हणायला सांगा. एरवी 'मामा'सारखं येणारं 'बाबा' आता स्पष्ट आलं, तर हवा नाकातून गळतेय. नाक धरूनही घशातला झटका तसाच राहिला, तर ती शिकलेली सवय आहे. पुष्कळदा दोन्ही असतात. हा अंदाज आहे, निदान नव्हे. म, न, ण मोजू नका, त्यांना नाकाची वाट उघडीच लागते. 'रंकाळा', 'पन्हाळा' यांतल्या ळ-ला फारशी हवा कोंडावी लागत नाही. तोच बिघडला असेल तर जीभ कुठं टेकते आणि वरच्या जबड्याची कमान किती अरुंद आहे, ते तपासून घ्या.

"जोरात म्हण!"

जोर लावला की घसा आणखी आवळतो आणि चुकीचाच आवाज पक्का होतो. शंभरदा म्हणायला लावलं तर शंभरदा चुकीचं घोटलं जातं. उलट कुजबुजत म्हणू द्या. आपल्या भाषेत फ, ख, थ आहेत, ही मोठी सोय. ह मिसळलेल्या या अक्षरांना घसा मोकळा ठेवावाच लागतो. 'फळ'मधला फ ओठ मिटून सोडायला शिकवा, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून नको. तो जमला की त्यावरून प-कडं येता येतं. पण आधी सुटं अक्षर, मग 'पा', मग शब्द. थेट वाक्यावर उडी मारू नका. आणि हे स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा.

थेरपीनं सवय सुटते, उरलेली गळती बुजत नाही. टाळू आखूड राहिली असेल किंवा दूध-पाणी नाकातून येत असेल, तर वर्षानुवर्षं नुसता सराव घेत बसू नका, सर्जनकडं परत जा. कानही तपासा. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागं पाणी साचणं फार नेहमीचं आहे, आणि स्वतःचाच आवाज धड ऐकू न येणारं मूल तो दुरुस्त कसा करणार?

खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवा. दुभंगलेला ओठ आणि टाळू त्यांच्या यादीत आहे, आणि पुढं पाठवण्याची चिठ्ठी तेच देतात.