दात तुटलाय आणि दवाखाना उद्या उघडणार: तोवर काय करायचं

रविवारी दुपारी मटणाची नळी फोडताना किंवा दातानं ऊस सोलताना 'कट्' असा आवाज येतो आणि दाताचा टवका तोंडात फिरायला लागतो. दातांचे बहुतेक दवाखाने त्या दिवशी बंद. आता सोमवार सकाळपर्यंतचा वेळ काढायचा आहे. या वेळात घरी दात दुरुस्त होत नाही, पण तो आणखी बिघडणार नाही एवढं नक्की बघता येतं.

आधी तुकडा थुंकून हातात घ्या, गिळू नका. तो वाटीत थोड्या दुधात किंवा पाण्यात ठेवा. पुढच्या दाताचा तुकडा अखंड असेल तर डॉक्टर बऱ्याचदा तोच परत चिकटवतात, आणि कोरडा पडलेल्या तुकड्यापेक्षा ओला राहिलेला जास्त चांगला बसतो. दाढेच्या चुऱ्याचा असा काही उपयोग नसतो. मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हळू चूळ भरा. खळखळून गुळण्या केल्यात तर थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू होईल.

आता आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घ्या. कापसानं दात टिपा आणि तुटलेल्या जागेचा रंग बघा. पुढचा सगळा निर्णय या रंगावर घ्यायचा. किती दुखतंय यावर जाल तर फसाल.

सगळं पांढरंच दिसत असेल तर फक्त वरचं कवच, म्हणजे इनॅमल गेलंय. त्यात नस नसते, म्हणून दुखत नाही, नुसतं जिभेला टोचतं. आठवड्याभरात दाखवलं तरी चालतं. आत पिवळसर भाग उघडा पडला असेल तर ते डेंटिन. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात, गार पाणी किंवा वारा लागला की त्यातून कळ थेट नसेपर्यंत पोचते. इथं एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठायचा. मधोमध लाल किंवा गुलाबी ठिपका दिसत असेल, तिथून रक्त झिरपत असेल, तर नस उघडी पडली आहे. हे त्याच दिवसाचं काम. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या नुकत्याच आलेल्या दाताची नस उघडी पडली आणि पहिल्या चोवीस तासांत उपचार मिळाले, तर नस जिवंत राखून दाताचं मूळ पुढं वाढू देता येतं. दोन-तीन दिवस घालवलेत तर ही संधी कमी होत जाते.

रूट कॅनल होऊन कॅप न बसवलेली दाढ तुटली तर अजिबात दुखत नाही, कारण आत नसच नाही. लोक मग महिनोन्महिने तशीच फिरवतात. लाळ आणि जंतू फटीतून मुळापर्यंत उतरतात आणि केलेलं काम वाया जातं. न दुखणारी तुटकी दाढही आठवड्यात दाखवा. उलट, काहीच तुटलेलं दिसत नाही पण चावून दाब सोडताना कळ मारते, तर दाताला उभी चीर गेलेली असू शकते. त्या बाजूनं खाणं लगेच बंद करा.

रक्त येत असेल तर स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या सुती कापडाची घडी ओली करून जागेवर ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघितलंत तर रक्त थांबत नाही. गालाला बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावा, थोडं थांबून पुन्हा लावा. गरम शेक देऊ नका, त्यानं सूज वाढते.

धारदार कडेनं जीभ-गाल कापत असतील तर ब्रेसेसवाल्यांचं डेंटल वॅक्स एखाद्या मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं. वाटाण्याएवढी गोळी मळून मऊ करा, कड टिपून कोरडी केली की दाबून बसवा. ओल्या दातावर ते टिकत नाही, जेवणापूर्वी काढा. वॅक्स नसेल तर बिनसाखरेचं च्युइंगगम चघळून तसंच लावता येतं, पण लाल ठिपका उघडा असलेल्या दातावर काही दाबू नका. नेलफायलीनं कड घासायला जाऊ नका. कॅप निघाली असेल तर डबीत ठेवून सोबत न्या. फेविक्विकनं चिकटवलेली कॅप वाकडी बसते, हिरडी भाजते, आणि ती काढताना उरलेला दातही तुटू शकतो.

दुखण्यासाठी मोठ्या माणसानं पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी, फार तर दोन घ्याव्यात, सहा तासांच्या अंतरानं, आणि चोवीस तासांत सहाच्या वर जाऊ नये. दातदुखीला आयबुप्रोफेन 400 बरी लागू पडते: जेवणानंतर एक, आठ तासांचं अंतर, दिवसात तीनच. पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर ती घेऊच नये, डेंग्यूची शंका असेल तेव्हाही नाही. खरी चूक जोडगोळीत होते. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 दोन्ही असतात, त्यावर आणखी पॅरासिटामॉल किंवा वेगळ्या नावाची दुसरी पेनकिलर घेतली की मोजमाप चुकतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. लहान मुलाला फक्त पॅरासिटामॉल, एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलीत 250 असलेलं सिरप 6 मिली. मुलांना ॲस्पिरिन नको. मोठ्यांनीही ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये: तिथली कातडी पांढरी पडून सोलते, आणि दुखणं तसंच राहतं.

लवंगेच्या तेलानं थोडा वेळ बरं वाटतं. कापसावर एक थेंब घ्या, पिळून जादा तेल काढा, फक्त दातावर मिनिटभर टेकवा. हिरडीला लागलं तर चुरचुरतं. नस उघडी असेल किंवा मूल लहान असेल तर वापरू नका. मिश्रीचं बोट फिरवलं की दुखायचं थांबतं असा आपल्याकडं बऱ्याच घरांत भरवसा असतो. ती जळकी तंबाखू आहे. तिचा रवा उघड्या जखमेत बसतो, आणि व्यसन लागतं ते वेगळंच. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणणंही वाया जातं, आतल्या नसेच्या दुखण्याला ती गोळी लागू पडत नाही.

दात मुळासकट निखळला तर घड्याळ वेगळं चालतं. पेठेतला फुटबॉलचा सामना असो वा तालमीतला सराव, पडलेला दात पांढऱ्या बाजूनं उचला, मुळाला बोट लावू नका. मुळावरच्या पेशी जिवंत असतात, त्याच दाताला पुन्हा हाडाशी जोडतात, आणि कोरड्या ठेवल्यास तासाभरात त्या मरतात. लाल माती लागली असेल तर दुधानं किंवा सलाइननं दहा सेकंद धुवा, घासू नका. मोठ्या माणसाचा किंवा कायमचा दात असेल तर लगेच खोबणीत सरळ बसवा, रुमाल चावून धरा आणि निघा. बसवायला धीर होत नसेल तर पिशवीतल्या गार दुधात बुडवून न्या. दूध नसेल तर त्याच माणसानं स्वच्छ वाटीत थुंकून त्या लाळेत ठेवावा. साध्या पाण्यात मात्र ठेवू नये, पेशी फुगून फुटतात. अर्ध्या तासात डॉक्टरांकडे पोचलात तर सगळ्यात चांगलं. आजरा, चंदगड, गगनबावडा अशा लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी कोल्हापुरात पोचेपर्यंत वाट न बघता जागच्या जागी दात बसवून घ्यावा. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. पुढचे कायमचे दात साधारण सहा ते नऊ वर्षांच्या दरम्यान येतात, वयावरून अंदाज येईल. पडलेला दात किंवा तुकडा सापडत नसेल आणि खोकला, घरघर सुरू झाली असेल तर तो श्वासनलिकेत गेल्याचा संशय धरून थेट हॉस्पिटल गाठा. ओठ फाटला असेल तर तुकडा ओठातही रुतून बसतो, हे डॉक्टरांना सांगा.

पुढची लक्षणं दिसली की दाताचा दवाखाना उघडायची वाट बघू नका: पडल्यावर शुद्ध हरपली किंवा उलट्या झाल्या, दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, म्हणजे जबड्याचं हाड मोडल्याची शंका, गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे उतरते, ताप येतो, गिळायला त्रास होतो, तोंड दोन बोटंही उघडत नाही. गळ्याकडची सूज श्वास कोंडू शकते. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही चालू असतो, रुग्णवाहिकेला 108. खर्चाची अडचण असेल आणि काम तातडीचं नसेल, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्याच न्यू पारगावच्या तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेजमध्ये दाखवता येतं. कॉलेजात वेळ जास्त जातो, पैसे कमी लागतात.

रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा, आडवं पडलं की ठणका वाढतो. तांबडा रस्सा, कडक चहा, आइस्क्रीम, चिक्की सगळं दोन दिवस बाजूला. खिचडी, आमटीत कुस्करलेला भात, दुधात भिजवलेली भाकरी, सगळं कोमट आणि दुसऱ्या बाजूनं. ब्रश मऊ आणि हलक्या हातानं, पण सोडायचा नाही, नाहीतर तुटलेल्या जागी अन्न साठून आंबतं.

दवाखान्यात जाताना तुकडा, कॅप आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मधुमेह, हृदयाची झडप बदललेली असणं, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन हे विचारायच्या आधीच सांगा. लवंग तेल लावलं असेल तर तेही सांगा, कारण त्यातल्या युजेनॉलमुळे दाताच्या रंगाची सिमेंट नीट घट्ट होत नाही आणि डॉक्टरांना आधी ती जागा साफ करून घ्यावी लागते.