सोडून दिलेल्या मांजराला घर शोधताय? या चुका टाळा

गिरगावात आमच्या शेजारची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाभरात सगळी बिऱ्हाडं हलली. कपाटं गेली, देव्हारे गेले, तुळशीची कुंडीसुद्धा गेली, मागे राहिली ती त्यांची मांजर, चंद्री. रोज संध्याकाळी सातला ती दुसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद खोलीसमोर, उंबऱ्याला टेकून बसायची. बांगड्याची डोकी तिला तिथे त्याच वेळी मिळायची. इमारत रिकामी होणार हे महिनोन्‌महिने आधी माहीत असतं, त्यामुळे शेजाऱ्यांना "मांजराचं काय करणार?" हे तेव्हाच विचारायला हवं होतं. ती माझी पहिली चूक. पाळलेला प्राणी असा वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, हेही त्यांना शांतपणे सांगता आलं असतं.

पिल्लं दिसली की लगेच उचलणं

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि मीटररूममध्ये तीन पिल्लं एकटी दिसली की नेमकं तेच विसरतो. आई मच्छीबाजाराकडे गेलेली असते, नाहीतर एकेकाला मानगुटीला धरून नव्या जागी नेत असते. लांबून काही तास लक्ष ठेवा. पिल्लं गार पडली असतील, सारखी ओरडत असतील किंवा पावसाचं पाणी आत शिरत असेल, तरच हात घाला. आई असेल तर किमान आठ आठवडे तिच्यापासून तोडू नका.

आई नाहीच असं कळलं, तर पिशवीतलं दूध पाजू नका. जुलाब होतात आणि एवढंसं पिल्लू बघता बघता सुकतं. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मगच दूध. तीन-चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला शी-शूसुद्धा आपणहून होत नाही, दर वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने पुसावं लागतं.

प्रत्येक मांजराला घरच हवं असं धरून चालणं

पाळलेलं मांजर माणूस दिसला की ओरडतं, शेपटी उभी करून पायात येतं. रस्त्यावरच वाढलेला, माणसाला बिचकणारा मोठा बोका फ्लॅटमध्ये कोंडला तर महिनोन्‌महिने कपाटामागे बसून राहतो. त्याची नसबंदी करून त्याच्याच गल्लीत सोडणं हे त्याच्यावर जास्त प्रेम करणं आहे. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर ते काम बहुतेक आधीच झालेलं असतं.

'नसबंदी नंतर करून घ्या' म्हणणं

हे मी कुणाचंही ऐकत नाही. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, साधारण दोन महिन्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असताना पुन्हा गाभण राहू शकते. मोठं मांजर असेल तर नसबंदी करूनच द्या. पर्शियन असेल तर नक्कीच. 'फुकटात पर्शियन' म्हणताच जे फोन येतात, त्यातल्या काहींना फक्त पिल्लं काढून विकायची असतात. खर्च परवडत नसेल तर मुंबईत परळच्या जुन्या बैलघोड्याच्या (म्हणजे प्राण्यांच्या) हॉस्पिटलात किंवा तुमच्या भागातल्या प्राणीमित्र संस्थेत चौकशी करा.

लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. नव्या घरी आधीच मांजर असेल तर पाहुण्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायला सांगा. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाचे विषाणू घरात वर्षभरही टिकतात. आणि फिनेलने लादी पुसणं थांबवायला सांगा, पाय चाटताना ते पोटात जातं आणि मांजराला बाधतं.

घर न बघता मांजर देणं

"आमच्याकडे सगळ्या खिडक्यांना ग्रिल आहे," असं सगळेच सांगतात. पण ग्रिलच्या गजांमधून मांजर आरामात जातं आणि कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ते दातांनी कुरतडतं. सातव्या मजल्यावर कबुतराच्या मागे झेपावलं तर संपलंच. म्हणून मी स्वतः जाऊन बघते. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, गावी जाताना मांजर कुणाकडे राहील, हे समोर बसून विचारते. प्रश्नांनी चिडणाऱ्याला मी मांजर देत नाही.

तरीही चंद्रीच्या वेळी चुकलेच. दहिसरला पहिल्या मजल्यावरचं घर, माणसं मायाळू, बाल्कनीची जाळी भक्कम. बाथरूममधली काचेच्या पट्ट्यांची खिडकी मात्र मी पाहिली नाही. त्या लोकांनी प्रेमापोटी पहिल्याच रात्री तिला सगळं घर मोकळं करून दिलं आणि ती त्या खिडकीतून निसटली. खरं तर पहिले काही दिवस एकच बंद खोली, वाळूचा ट्रे, पाणी आणि लपायला एक खोका एवढंच पुरे. दोन दिवस पलंगाखाली बसलं तरी ओढून काढू नये. मात्र पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करावा. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि शू होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता त्याला दवाखान्यात न्यावं.

पळालेलं मांजर लांब गेलं असं समजून लोक गल्लोगल्ली फिरतात. नव्या जागी घाबरलेलं मांजर बहुतेक वेळा जवळच दडलेलं असतं. आम्ही चार रात्री गाड्यांखाली, जिन्याखाली, टाकीमागे टॉर्च मारला. तिचं अंथरूण दाराबाहेर ठेवलं, वॉचमनना फोटो दिला. पाचव्या रात्री दोनच्या सुमारास, सगळं शांत झाल्यावर, पंपरूमच्या मागे दोन डोळे चमकले. मी हाक मारली नाही. बांगड्याचं डोकं ठेवून लांब, जमिनीवरच बसले. वीस मिनिटांनी ती आली, आधी डोकं खाल्लं, मग माझ्या गुडघ्याला अंग घासलं. सकाळी दहाला जाळीवाला बाथरूमची खिडकी मोजत होता.