ब्लॉकचेनच्या वर्कशॉपला जाताय? 'वेट' (wait) फंक्शनचं आधी वाचून घ्या

इथेरियमवर अ‍ॅप लिहायला शिकवणाऱ्या हँड्स-ऑन वर्कशॉपला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहितोय. जावास्क्रिप्ट आणि गिट येतं असं धरून चालतो. हॅश, ब्लॉक वगैरे पहिल्या तासात सांगतातच. त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं तरी काही बिघडत नाही.

आदल्या रात्री मेटामास्क या ब्राउझरमधल्या वॉलेट एक्स्टेन्शनमध्ये कोरं वॉलेट काढा. खरे पैसे असलेलं वॉलेट त्या लॅपटॉपवर नकोच. सेपोलिया या सरावाच्या नेटवर्कचं टेस्ट इथरही (इथर म्हणजे इथेरियमचं नाणं) घरूनच घेऊन जा, कारण ते वाटणाऱ्या काही साइट, म्हणजे फॉसेट, मेननेटवर (खऱ्या नेटवर्कवर) थोडं खरं इथर असल्याशिवाय दमडी देत नाहीत. टेस्ट इथर विकणारे भेटतील, त्यांना सरळ नाही म्हणा. फुकट वाटायच्या वस्तूचे पैसे कसले?

आता खरी अडचण. सकाळी रीमिक्स या ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम, लिहून घेतात. समजा, पाहुण्यांची वही: नोंद केली की तिचा क्रमांक परत मिळतो. रीमिक्सची साखळी (ब्लॉकचेन) ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे बटण दाबताच क्रमांक हजर. दुपारी तेच सेपोलियावर चढवून इथर्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीने वेबपेज जोडलं की मेटामास्क उघडतं, आपण मंजुरी देतो आणि क्रमांकाच्या जागी भलंमोठं ऑब्जेक्ट छापून येतं. लगेच नोंदी मोजाव्यात तर शून्य! मी कॉन्ट्रॅक्टच बदलत बसलो होतो, आणि त्यात खोट काहीच नव्हती.

हातात आलेली असते ती व्यवहार पाठवल्याची पोच. तो ब्लॉकमध्ये गेला, असं त्यातून कळत नाही. इथेरियमवर ब्लॉकची पाळी दर १२ सेकंदांनी येते, तोवर आपण रांगेत. म्हणून त्या ऑब्जेक्टवर 'वेट' हे फंक्शन बोलवायचं आणि त्याच्याही आधी 'अवेट' लिहायचं. म्हणजे एक अवेट व्यवहार पाठवताना, दुसरा त्याची पावती येईपर्यंत थांबताना. एकावर भागत नाही. पुन्हा सांगतो, एकावर भागत नाही. बरं, पावतीतही तो क्रमांक नसतोच. साखळीवर काही बदलणाऱ्या फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला वापरता येते, वेबपेजपर्यंत ती पोचत नाही. क्रमांक हवा असेल तर कॉन्ट्रॅक्टातून इव्हेंट (लॉगमध्ये राहणारी नोंद) एमिट करा आणि पावतीच्या लॉगमधून तो वाचा. पावती येईपर्यंत बटणही बंद ठेवा, नाहीतर माणूस पुन्हा दाबतो, नोंदी दोन होतात आणि गॅसही (व्यवहाराची फी) दोनदा जातो. हार्डहॅट या डेव्हलपमेंट टूलचं लोकल नेटवर्क व्यवहार येताच ब्लॉक काढतं, त्यामुळे तिथेही हे सगळं झाकलेलंच राहतं.

मेंटॉर निवडायची मुभा असेल तर नाण्यांचे भाव सांगणारा टाळा. तुमच्या स्क्रीनवरचा एरर तुमच्याकडूनच मोठ्याने वाचून घेणारा भेटला तर त्याच्या शेजारची खुर्ची सोडू नका. जुन्या व्हिडिओंच्या नादी लागू नका: ट्रफल आणि गनाश ही जुनी टूल्स गुंडाळायचं २०२३ मध्येच जाहीर झालं, गोएर्ली हे टेस्ट नेटवर्क बंद पडलं, आणि इथर्सच्या सहाव्या आवृत्तीत मोठ्या आकड्यांसाठीचं बिगनंबर जाऊन जावास्क्रिप्टचं बिगइंट आलं. व्हिडिओतली ओळ तुमच्याकडे चालली नाही तर दोष तुमचाच असेल असं नाही.

सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेची धास्ती घेऊ नका, आठवडाभरात हात बसतो. मेननेटचं नाव मात्र इतक्यात काढायचं नाही. २०१६ मध्ये 'द डाओ' या सामायिक गुंतवणूक निधीच्या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ३६ लाख इथर गेलं ते रीएन्ट्रन्सीच्या (पहिला कॉल पुरा व्हायच्या आत तेच फंक्शन पुन्हा बोलवता येण्याच्या) एका भोकातून, आणि ते कॉन्ट्रॅक्ट लिहिणारे नवखे नव्हते. हार्डहॅट जी तयार खाती देतं त्यांच्या प्रायव्हेट की जगजाहीर आहेत. त्यांचं बीज (ज्या शब्दांतून सगळ्या की निघतात ते) म्हणजे अकरा वेळा 'टेस्ट' आणि शेवटी 'जंक'. तिथे खरं इथर पाठवलंत तर गेलंच समजा.

आणि लोकल नोड बंद करून पुन्हा सुरू केल्यावर मेटामास्क 'नॉन्स'वरून (खात्याच्या व्यवहारांच्या अनुक्रमांकावरून) कुरकुरायला लागलं तर घाबरून वॉलेट उडवू नका. साखळी शून्यापासून सुरू झालेली असते, मेटामास्क मात्र जुनाच आकडा धरून बसलेलं असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या खात्याचा अ‍ॅक्टिव्हिटी डेटा पुसा, गाडी पुढे जाते.