चिनी वैद्यकात त्वचारोग शिकायचे असतील तर

चीनमधल्या नानजिंगला चिनी वैद्यक शिकून आल्यापासून बीएएमएसवाल्या मुलांचे मेसेज येतात, "मॅडम, स्किन घेऊ का?" म्हणून एकदाच लिहून टाकते.

तिथे त्वचारोग 'वायख' या विभागात येतात, गळवं आणि मूळव्याधीच्या शेजारी. चिनी माध्यमासाठी बहुतेक ठिकाणी एचएसकेची (चिनी भाषेच्या परीक्षेची) चौथी पातळी तरी लागते. ती काढली तरी ओपीडीतल्या आज्यांची नानजिंगी बोली सुरुवातीला डोक्यावरून जाते.

रोजचं काम म्हणजे चामखीळ. त्यावर अग्निसुई वापरतात. स्पिरिटच्या दिव्यावर सुई लालभडक तापवायची, टोचायची आणि त्याच क्षणी बाहेर. हात रेंगाळला की डाग राहिलाच! केलॉइडची (जखमेवर जाड व्रण वाढत जाण्याची) प्रवृत्ती आहे का, हे विचारल्याशिवाय दिवा पेटवूच नका. चामखिळीवर याडान्झ या औषधी झाडाच्या बियांचा गरही लावतात, तोही कातडी जाळतो. आधी भोक पाडलेली चिकटपट्टी लावून आजूबाजूची कातडी झाकून घ्यायची. चपट्या चामखिळींसाठीच्या काढ्यात यीयीरन या धान्याचे दाणे आणि माछश्येन असतं. हे माछश्येन म्हणजे आपली घोळ. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग ताकातली भाजीच कर की!" आता खरं सांगायचं तर चामखिळी बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. त्यामुळे प्रत्येक बऱ्या झालेल्या रुग्णाचं श्रेय काढ्याला देऊ नका.

तिळाचं प्रकरण मात्र वेगळं. डोळ्याखालचा तीळ रडवतो असा तिकडे समज आहे, म्हणून तो काढून घ्यायला लोक येतात. 1742 च्या 'यीझोंग जिनज्येन' या वैद्यकग्रंथात त्यासाठी चुना आणि चिकट तांदळाचा लेप दिलाय. परीक्षेपुरता पाठ करा, रुग्णावर लावू नका. लेपाने तीळ जळून जातो, मग बायॉप्सीला पाठवायला काही उरत नाही. आमचे सर तर आधी बूट-मोजे काढायला लावायचे, कारण चिनी लोकांत मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली सापडतो. तीळ वेडावाकडा, दोन-तीन रंगांचा, 6 मिमीहून मोठा किंवा बदलत चाललेला दिसला, तर सुई खाली ठेवून सरळ डर्मॅटॉलॉजीकडे चिठ्ठी.

परतल्यावरचं म्हणाल, तर महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरला कायदा आहे, कौन्सिलही आहे. पण ते अॅक्युपंक्चरपुरतंच. काढे-लेप त्यात येत नाहीत. तुमची पदवी नोंदणीला चालेल का, हे फी भरण्याआधी कौन्सिलकडून लेखी घ्या.