महिलांच्या सायकल शर्यतीतील डावपेच कसे ओळखावेत

महिलांची व्यावसायिक रोड रेस पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन-तीन तास नुसता रंगीबेरंगी घोळका सरकताना दिसतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत काहीतरी घडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात निकालाचा मोठा भाग आधीच्या तासांत ठरलेला असतो. तो ओळखण्याची गुरुकिल्ली म्हणजे वारा. दुसरीच्या मागच्या चाकाला चिकटून चालवणाऱ्या सायकलपटूची सुमारे एक तृतीयांश शक्ती वाचते, त्यामुळे या क्षणी वारा अंगावर कोण घेत आहे, हाच शर्यतीतला खरा प्रश्न असतो. आपण प्रेक्षक म्हणून सर्वांत पुढच्या सायकलपटूकडे पाहतो. पाहावे मात्र तिच्या मागे बसून न ओढणाऱ्या, म्हणजे पुढे येऊन वारा न घेणाऱ्या, सायकलपटूकडे, कारण ती का ओढत नाही याचे उत्तर सापडले की डाव उलगडू लागतो.

शर्यतीपूर्वी एक कागद घ्यावा. अनेक टप्प्यांची शर्यत असेल, तर एकूण वेळेच्या क्रमवारीतील पहिल्या दहा जणींची नावे, त्यांचे संघ आणि आघाडीवरील सायकलपटूपासूनचे अंतर सेकंदांत लिहून ठेवावे. टूर द फ्रान्स फाममध्ये, म्हणजे महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये, टप्प्यातील पहिल्या तिघींना एकूण वेळेतून अनुक्रमे 10, 6 आणि 4 सेकंदांची सूट मिळते, तीही कागदाच्या कोपऱ्यात असू द्यावी. मार्गाचा चढ-उतार दाखवणारा आलेख आणि वाऱ्याची दिशा या दोन गोष्टी पाहिल्या की पूर्वतयारी झाली. जर्सींचे रंग पाठ करण्यात वेळ घालवू नये. पिवळी एकूण आघाडीची आणि ठिपक्यांची घाटांवरच्या गुणांची, एवढे पुरते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटातला ‘घाटाचा राजा’ ठरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ठिपक्यांची जर्सी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

शर्यत सुरू झाल्यावर काही जणी घोळक्यातून निसटून पुढे जातात. अशा वेळी त्या कोणत्या संघांच्या आहेत आणि एकूण किती आहेत, हे लगेच टिपून ठेवावे. ज्या संघाची सायकलपटू पुढे निसटली आहे, त्या संघाला पाठलागात हात घालण्याचे कारण उरत नाही, आणि पाठलागाचे ओझे उरलेल्यांपैकी ज्याचे सर्वाधिक नुकसान होणार त्याच्या गळ्यात पडते. हिशेब चुकला तर काय होते, हे 25 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. ऑस्ट्रियाची एकमेव प्रतिनिधी असलेली, गणितात पीएच.डी. केलेली आना किझेनहोफर सुरुवातीलाच निसटली. तिच्यासोबतच्या पोलंडच्या आना प्लिख्ता आणि इस्रायलच्या ओमेर शापिरा मागे पडल्या आणि शेवटचे सुमारे 40 किलोमीटर ती एकटी चालवत राहिली. नेदरलँड्सकडे आनेमीक व्हान व्लूटेन, आना व्हान डेर ब्रेगन, मारियान वोस आणि डेमी व्होलरिंग अशा चार जणी होत्या, म्हणजे कोणत्याही दिवशी जिंकू शकतील अशा चौघी. त्यामुळेच इतर देशांनी ‘पाठलाग तुमचा, तुम्हीच ओढा’ अशी भूमिका घेतली. ऑलिंपिकमध्ये संघाच्या मोटारीशी बोलण्यासाठी रेडिओ नसतो. प्लिख्ता आणि शापिरा हाती लागल्यावर डच गटाला सर्व जणी गाठल्या असे वाटले, आणि 1 मिनिट 15 सेकंदांनी मागून आलेल्या व्हान व्लूटेनने सुवर्ण जिंकल्याच्या समजुतीने हात उंचावत रेषा ओलांडली. आघाडीचा आकडा कागदावर लिहून ठेवणाऱ्या घरच्या प्रेक्षकाला त्या दिवशी त्या चौघींपेक्षा अधिक माहिती होती.

वाऱ्याचे दुसरे रूप आडव्या वाऱ्याचे. वारा बाजूने आला की आडोसा सरळ मागे न मिळता तिरका मिळतो, म्हणून सायकलपटू रस्त्याच्या रुंदीवर तिरकी रांग धरतात. त्या रांगेत रस्ता जेवढा रुंद तेवढ्याच जणी मावतात, आणि उरलेल्या कडेला एकामागे एक लटकून हळूहळू तुटतात. त्यामुळे मोकळ्या माळावर रस्ता वळण्याच्या ठिकाणाआधी एखादा संघ अचानक सगळा पुढे गोळा होताना दिसला, तर चहा ठेवायला उठू नये. 2023 च्या ला वुएल्ता फेमेनिना या स्पेनमधल्या अनेक टप्प्यांच्या शर्यतीत सहाव्या टप्प्यावर, तिथल्या एकूण आघाडीच्या लाल जर्सीतली व्होलरिंग लघुशंकेसाठी थांबली असताना व्हान व्लूटेनच्या मोव्हिस्टार संघाने आडव्या वाऱ्यात वेग वाढवला, घोळका फुटला आणि आघाडी व्हान व्लूटेनकडे गेली. त्या जागी वेग वाढवण्याचे आधीच ठरले होते, असे मोव्हिस्टारचे म्हणणे होते. हे सभ्यतेला धरून होते का, यावर बराच वाद झाला, परंतु माझ्या मते वाऱ्याचा टापू ठाऊक असताना आघाडीच्या सायकलपटूने घोळक्याच्या शेपटाला जाणे ही तिच्या संघाचीही चूक होती. दुसऱ्या दिवशी लागोस दे कोव्हादोंगाचा चढ व्होलरिंगने जिंकला, तरी एकूण शर्यत तिने 9 सेकंदांनी गमावली.

घाटावर पाहण्याची गोष्ट अगदी बारीक असते. पुढची सायकलपटू थोडी बाजूला सरकते आणि कोपर हलवून मागचीला पुढे येण्याची खूण करते. मागची येते, किंवा मान हलवते, किंवा खूण दिसलीच नाही अशा थाटात आपल्या पायांकडे पाहत राहते. ही तिसरी तऱ्हा दिसली की कागदावरची क्रमवारी काढावी.

18 ऑगस्ट 2024 रोजी टूर द फ्रान्स फामचा अखेरचा टप्पा आल्प द्युएझच्या घाटावर संपणार होता आणि पोलंडची कासिया न्येव्यादोमा व्होलरिंगपेक्षा 1 मिनिट 15 सेकंदांनी पुढे होती. हे अंतर मुख्यतः तीन दिवसांपूर्वीच्या पाचव्या टप्प्यात पडले होते. आमनेव्हिलजवळ, शेवटची रेषा काही किलोमीटरवर असताना, पिवळ्या जर्सीतली व्होलरिंग मोठ्या अपघातात सापडली आणि न्येव्यादोमाच्या तुलनेत तिने 1 मिनिट 47 सेकंद गमावले. तो टप्पा जिंकला तिच्याच एस डी वर्क्स संघातील ब्लांका वासने. नेत्या रस्त्यावर पडलेली असताना साथीदार पुढे टप्पा जिंकते, हे चित्र पाहूनच त्या संघाचे त्या आठवड्यातले अंतरंग कळण्याजोगे होते.

अखेरच्या दिवशी व्होलरिंगने ग्लॉन्दोंच्या घाटातच, शेवटापासून सुमारे 50 किलोमीटर आधी हल्ला चढवला. तिच्या चाकामागे टिकली ती फेनिक्स-डेकोनिंक संघाची पाउलिना रोइयाकर्स, जी स्वतः क्रमवारीत व्होलरिंगच्या आसपासच होती. दोघींनी आळीपाळीने वारा घेतला असता, तर दरीतल्या सपाट रस्त्यावर अंतर आणखी वाढले असते. पण रोइयाकर्स बहुतांश वेळ मागेच बसली, कारण व्होलरिंगला थांबणे परवडणारे नव्हते आणि आपण ओढले नाही तरी ती ओढणारच, हे तिला ठाऊक होते. व्होलरिंगने आल्प द्युएझ जिंकले आणि 10 सेकंदांची सूट मिळवली. न्येव्यादोमा चौथी आली, 1 मिनिट 1 सेकंदाने मागे. 75 मधून 61 गेले, राहिले 14, त्यातून सूट मिळालेले 10 वजा केले की उरतात 4. एवढ्या 4 सेकंदांनी न्येव्यादोमाने शर्यत जिंकली, आणि रोइयाकर्स 10 सेकंदांनी मागे राहून एकूण तिसरी आली. शेवटच्या किलोमीटरमध्ये कागद हातात असणाऱ्यालाच त्या दिवशीची खरी धडधड अनुभवता आली. टप्पा जिंकणारी हरते आहे, हे पडद्यावरच्या चित्रातून कळत नव्हते.

सर्वांत अवघड वाचन एकाच संघातल्या स्पर्धेचे असते. 4 मार्च 2023 च्या स्ट्राडे ब्यांके या इटलीतल्या एका दिवसाच्या शर्यतीत एस डी वर्क्सच्या व्होलरिंग आणि लोटे कोपेकी या दोघींनी पुढे गेलेल्या क्रिस्टन फॉकनरला सिएना शहरातल्या अखेरच्या चढावर गाठले. वाटेत एक सुटलेला घोडा व्होलरिंगच्या पुढे रस्त्यावरून धावत होता. मग पियात्सा देल काम्पो या चौकात या दोन साथीदारांनी एकमेकींविरुद्ध सर्व ताकदीनिशी झेप घेतली आणि व्होलरिंग फोटोफिनिशमध्ये जिंकली. संघाच्या दृष्टीने पहिले दोन क्रमांक मिळाले होते, पण त्यानंतरच्या चेहऱ्यांवर आनंदापेक्षा अवघडलेपणच जास्त होते. असा प्रसंग दिसला की पुढच्या शर्यतींत त्या दोघी एकमेकींसाठी किती आणि कधी ओढतात, यावर नजर ठेवावी. त्याच वर्षी जुलैमध्ये टूर द फ्रान्स फाममध्ये कोपेकीने पहिल्या टप्प्यापासून पिवळी जर्सी सांभाळली, तूरमालेच्या घाटावर ती व्होलरिंगकडे गेली आणि दोघी पहिल्या-दुसऱ्या आल्या. म्हणजे अवघडलेपण असूनही कामाची वाटणी चालू शकते.

कागद दर जानेवारीत नवा करावा लागतो, कारण करार बदलतात आणि चाके बदलतात. 2025 मध्ये व्होलरिंग एफडीजे-सुएझ संघाकडे गेली. त्याच मोसमात तिची पूर्वीची प्रशिक्षक आना व्हान डेर ब्रेगन निवृत्ती सोडून एस डी वर्क्सकडूनच पुन्हा शर्यतीत उतरली, म्हणजे जिने तिला घडवले तीच आता विरुद्ध जर्सीत तिच्या आसपास दिसू लागली. या दोघी एका आघाडीत एकत्र आल्या, तर कोपर कोण हलवते आणि पायांकडे कोण पाहते, ते पाहावे.