रुबिडियमच्या वाफेतला स्पिन-नॉइज लेझरने कसा मोजायचा

स्पिन म्हणजे अणूचं इवलंसं चुंबकपण. हे स्पिन एका दिशेला वळवून न घेता, त्यांचा आपसूक होणारा चढउतार (स्पिन-नॉइज) तेवढा ऐकायचा, असं हे तंत्र आहे. स्पिन हलले की आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा (पोलरायझेशन) किंचित फिरते, तेच मोजायचं. अलेक्झांड्रोव्ह आणि झापास्की यांनी 1981 मध्ये ते सोडियमच्या वाफेवर दाखवलं. कॉलेजच्या लॅबला रुबिडियम सोयीचं.

795 नॅनोमीटरचा डायोड लेझर शोषणरेषेपासून (अणू जी वारंवारता शोषतात तिच्यापासून) काही गिगाहर्ट्झ बाजूला ठेवा. नेमका रेषेवर आणला तर अणू प्रकाश शोषतात आणि ज्यांना हात लावायचा नाही तेच स्पिन हलतात. एक-दोन मिलीवॅट पुरे. डोळ्याला तो मंद लाल दिसतो म्हणून गाफील राहू नका, गॉगल हवाच.

किरण पोलरायझरमधून सेलमध्ये (रुबिडियमची वाफ भरलेली काचेची नळी), पुढे कंपनाची दिशा फिरवणारी हाफ-वेव्ह प्लेट, मग त्या दिशेनुसार किरणाचे दोन भाग करणारा पोलरायझिंग बीमस्प्लिटर आणि दोन फोटोडायोड. दोन्हींवर सारखा प्रकाश पडेपर्यंत प्लेट फिरवा. त्यांच्यातला फरक स्पेक्ट्रम अॅनालायझरला द्या; कुठल्या वारंवारतेला किती नॉइज आहे ते तो दाखवतो. सेल 80 ते 100 अंशांवर ठेवा, पण खिडक्या बाकी सेलपेक्षा थोड्या जास्त गरम, नाहीतर रुबिडियम काचेवरच साचतं. हीटरच्या तारा पीळ देऊन न्या.

हेल्महोल्ट्झ कॉइल (एकसारखं चुंबकीय क्षेत्र देणारी समोरासमोरच्या दोन वेटोळ्यांची जोडी) किरणाला आडवी लावा. या क्षेत्रात स्पिन ठरावीक वारंवारतेने गिरकी घेतात आणि तिथे नॉइजचं शिखर दिसतं. प्रत्येकी 50 वेढे, त्रिज्या 10 सेंमी, 0.22 अँपिअर म्हणजे 1 गॉस. रुबिडियम-85 चं शिखर 467 किलोहर्ट्झला, 87 चं 700 ला. पृथ्वीचंच क्षेत्र आपल्याकडे 0.4 गॉसच्या आसपास, म्हणून करंट उलटसुलट देऊन सरासरी घ्या.

खरी डोकेदुखी पुढे आहे. मराठवाड्यात इन्व्हर्टर-यूपीएसशिवाय लॅब चालत नाही, आणि त्यांच्या स्विचिंगच्या सुया नेमक्या याच पट्ट्यात उगवतात. करंट बदला: शिखर सरकलं तर स्पिनचं, जागचं हललं नाही तर इन्व्हर्टरचं. पार्श्वभूमी वजा करायलाही हीच युक्ती. दोन वेगळ्या क्षेत्रांवरचे स्पेक्ट्रम घेऊन वजाबाकी करा.

सेल काढून प्रकाश दुप्पट करा. नॉइज 3 डेसिबलने वाढला तर तो शॉट नॉइज, म्हणजे प्रकाशकणांचा अटळ नॉइज, ठीक. 6 ने वाढला तर दोन फोटोडायोडांचा बॅलन्स बिघडलाय. वाढलाच नाही तर अॅम्प्लिफायरच गोंगाट करतोय. मे महिन्यात 42 अंशांत साधा डायोड अंशामागे साधारण पाव नॅनोमीटर सरकतो; तापमान-नियंत्रक नसेल तर पहाटे मोजा.

सेमीकंडक्टरवर हेच 2005 मध्ये हॅनोव्हरला गॅलियम आर्सेनाइडवर झालं. तिथे लेझरची ऊर्जा बँडगॅपपेक्षा (प्रकाश शोषायला लागणाऱ्या किमान ऊर्जेपेक्षा) कमी ठेवतात, शिखर 20 मिलिटेस्लाला 123 मेगाहर्ट्झच्या आसपास येतं. त्यासाठी हेलियम क्रायोस्टॅट (नमुना अतिथंड ठेवणारं उपकरण) आणि वेगवान डिटेक्टर लागतो.