डिझाइन प्रोजेक्टचा ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’: आधी ‘काय करणार नाही’ ते लिहा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ग्रुप नेमकं काय करणार, हे लिहून सही घेतलेला कागद म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’. त्यात ‘शेतकऱ्यांसाठी फवारणी यंत्र बनवणे’ एवढ्यावरच सही झाली, की मार्चमध्ये वाद ठरलेला. शेतकरी काका म्हणतात तुरीतही चाललं पाहिजे, गाईड म्हणतात ॲप कुठे आहे?

म्हणून एकच पान, पण या क्रमाने:

१. काय करणार नाही: फक्त पऱ्हाटीत (कपाशीत) चालेल, तुरीत नाही. ॲप नाही. सबमिशननंतर दुरुस्ती नाही.

२. काय देणार, तेही मोजता येईल असं. ‘हलकं, सोपं’ नको. ‘१६ लिटरची टाकी, तीन फुटी तासातून (पिकाच्या दोन ओळींमधून) जाईल, भरलेलं यंत्र एकटा माणूस ढकलेल’ असं लिहा.

३. चाचणीची तारीख पिकाकडे बघून टाका. इथेच बहुतेक ग्रुप फसतात. आठव्या सेमिस्टरला शेतात जायचं म्हणाल, तर सोयाबीन ऑक्टोबरातच निघालेलं असतं आणि फरदड (वेचणीनंतरही पुढच्या बोंडांसाठी राखलेली कपाशी) ठेवली नसेल तर पऱ्हाट्याही उपटलेल्या. शेतातली चाचणी सातव्या सेमिस्टरलाच, दिवाळीच्या आधी लिहा. आठवं सेमिस्टर सुधारणा आणि रिपोर्टला.

४. सुटे भाग कोणाच्या पैशाने, यंत्र शेवटी कोणाकडे.

कागद इंग्रजीत असला तरी काकांना मराठीत वाचून दाखवा, मगच सही घ्या. बांधावर बसून वाचलं की खरे प्रश्न तिथेच निघतात.

एक मात्र पाळा: चाचणीला टाकीत साधं पाणीच, हेही कागदावर लिहा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले होते.